धाकट्याच्या नावावरचे गोल

मी फुटबॉल खेळलो, शिष्यवृत्तीवर शिकलो, प्राध्यापक झालो आणि आता दर रविवारी नागपूरहून येऊन आमच्या विहारात पोरांना मोफत शिकवतो. खापरखेड्यात माझं नाव आदरानं घेतात. ते ऐकलं की मला घाम फुटतो.

शाळेत असताना स्पर्धा होत्या चौदा वर्षांखालच्या, आणि मला पंधरावं लागलं होतं. खेळाच्या सरांनी तोड काढली. धाकटा भाऊ माझ्याहून दीड वर्षानं लहान, त्याच शाळेत, चेहरे एका साच्यातले. त्याच्या जन्मदाखल्यावर मी खेळलो. गोल मी मारले, सर्टिफिकेटं त्याच्या नावाची आली. बाबा वीज केंद्रात राखेच्या पाइपांवर कामाला होते. त्यांना यात काही वावगं दिसलं नाही. "घरातल्या घरात तं आहे," म्हणाले.

घोळ पुढे झाला. त्या कागदांवर धाकट्याची निवड झाली, खेळाडूंच्या वसतिगृहात. खरं तर त्याचा विषय गणित. मला समीकरणं तोच समजावून सांगायचा. पण बाबा म्हणाले, "जाऊ दे त्याले, दोघंही मार्गाले लागतीन." तो गेला. पोराला चेंडू धड अडवता येत नव्हता, आणि डोक्यावर माझ्या गोलांचं ओझं. तरी तो मुकाट्यानं माझ्यासारखं खेळायला बघत राहिला. चौथ्या महिन्यात गुडघा गेला. घरी परतला तो पुन्हा शाळेत गेलाच नाही. त्यानं शिकवलेल्या गणितावर मी शिष्यवृत्ती मिळवली.

आज तो वीज केंद्राच्या कॉलनीच्या फाटकाजवळ सायकली दुरुस्त करतो, पाय ओढत चालतो. कधी तक्रार नाही. केली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

यंदा विहारातल्या लोकांनी माझा सत्कार ठरवला. भिंतीवर लावायला जुनी सर्टिफिकेटं मागितली. मी धाकट्याकडे गेलो. त्यानं पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीतला गठ्ठा काढला. एवढ्या वर्षांत एक कोपरा दुमडलेला नव्हता.

"घेऊन जाय भाऊ. नाव माहं असलं तरी गोल तुहेच आहेत."

स्टेजवर सगळं खरं सांगायचं, असं मी ठरवलं. भाषण लिहूनही काढलं. मग आयोजकांचा फोन आला, आणि विहारातली माझी पोरं काय म्हणतील या भीतीनं तोंडातून निघालं, "सर्टिफिकेटं वाळवीनं खाल्ली हो."

कार्यक्रमात त्यांनी तेच माइकवर सांगितलं. लोक हळहळले. धाकटा पहिल्याच रांगेत होता. माइक माझ्या हातात आला, भाषण खिशात होतं. मी आईबाबांचे आभार मानले, सरांचे मानले, कॉलनीचे मानले आणि खाली बसलो. धाकट्यानं खुर्चीचा आधार घेत उभं राहून टाळ्या वाजवल्या.

वाटलं, आता तरी चिडेल. मनापासून तसं वाटत होतं. बाहेर भेटला तेव्हा म्हणाला, "आठ दिवसांतच वाळवी लागली काय गा? बाकीच्या पुस्तकाइले पाहून घे लवकर."

हा टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्याला जमतच नाही. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता, नेहमीसारखा.

दुसऱ्या दिवशी तो नागपूरला माझ्या घरी आला. तीन जिने चढून. हातात वाळवीच्या औषधाची बाटली आणि ब्रश. "कपाट उघड," म्हणाला. ती पिशवी कपाटात वरच्याच कप्प्यात होती.

किल्ली सापडत नाही, असं मी त्याला सांगितलं.

"इथंच असन कुठं तरी," म्हणत तो त्या गुडघ्यावर कसाबसा टेकला आणि पलंगाखाली शोधू लागला. किल्ली माझ्या खिशात होती.