किकरचे वडील

ऑफिसातले किस्से कोणी ठरवून जमवत नाही. दुबईच्या देरा भागात खाडीजवळच्या आमच्या ऑफिसात जहाजांना लागणारे दोर, रंग आणि पंप विकले जायचे, आणि दहाच्या चहाला चार देशांची माणसं एका टेबलाभोवती बसायची. कोणाकडे काही घडलं की ते त्या टेबलावर यायचं. दुसऱ्या दिवशी त्यात थोडी भर पडायची, आणि महिन्याभरात ज्याचा किस्सा त्यालाही मूळ काय झालं होतं ते आठवेनासं व्हायचं. मी तिथे बरीच वर्षं डॉक्युमेंटेशन बघितलं. बाकीचे किस्से माणसांनी नोकऱ्या बदलल्या तसे विरले. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या सावंतकाकांचा केदार अमेरिकेत एक सीझन फुटबॉल खेळला, त्या सीझनचे किस्से जुनं कोणी भेटलं की अजून निघतात.

सावंतकाका आमचे स्टोअर्स मॅनेजर, मूळचे वेंगुर्ल्याचे. केदार त्यांचा एकुलता एक, शारजात वाढलेला. बारावीनंतर तो कॅन्ससमधल्या एका ज्युनियर कॉलेजात गेला. दोन वर्षं तिथे काढायची आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंगला जायचं, असा बेत होता. बेतात फुटबॉल कुठेच नव्हता.

*

झालं असं, की केदार एका संध्याकाळी कॉलेजच्या मैदानावर सहज बॉलला लाथा मारत होता. शारजाच्या शाळेत तो आपल्या नेहमीच्या फुटबॉलच्या टीममध्ये होता, त्यामुळे पाय तयार होता. तिथल्या कोचने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला अमेरिकन फुटबॉलच्या टीममध्ये घेतलं.

सावंतकाकांनी चहाला ही बातमी सांगितली. आमचा सेल्स मॅनेजर महमूद इजिप्तचा, अलेक्झांड्रियाचा. फुटबॉल म्हटलं की तो हातातलं काम सोडायचा. तो खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने काकांचे दोन्ही हात हातात घेतले.

"मबरूक! कुठल्या पोझिशनला खेळतो?"

"किकर," काका म्हणाले.

महमूदने हात सोडले. "हबीबी, फुटबॉलमध्ये सगळेच किकर असतात. पोझिशन सांग."

काकांना पुढचं काही माहीत नव्हतं. त्या खेळात बॉल सोललेल्या नारळाच्या आकाराचा असतो, तो हातात घेऊन पळतात, आणि फक्त एक माणूस मधूनमधून येऊन तो लाथेने दोन खांबांच्या मधून उडवतो, हे आम्हाला पुढे हळूहळू कळलं. त्या दिवशी महमूद संध्याकाळपर्यंत एवढंच म्हणत होता, "बाकीचे मग करतात काय?"

*

सप्टेंबरात केदारचा फोटो आला. हेल्मेट, पांढरी टाइट पँट, आणि दारातून आत येणार नाहीत असे खांदे.

काकूंनी फोटो बराच वेळ पाहिला. मग फ्रीजवर लावला, परत काढला आणि काकांना विचारलं, "एवढ्यात एवढे खांदे? तिथे खायला काय घालतात पोराला?"

"खांदे त्याचे नाहीत. आत फोमचं पॅडिंग असतं," काका म्हणाले.

काकूंना बरं वाटलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, कुकर लावला. कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आधी त्या बाहेर आल्या.

"एवढा फोम कशाला लागतो?"

काकांनी केदारला फोन लावला. पोराने तिकडून सांगितलं, "डॅड, आय ओन्ली किक. नोबडी टचेस मी." काकांनी ते मराठीत करून काकूंना सांगितलं.

काकू म्हणाल्या, "कोणी हात लावत नाही, तर मग हेल्मेट काढून खेळ म्हणावं."

*

ऑक्टोबरात एका मॅचची व्हिडिओ कॅसेट आली. शुक्रवारी दुपारी काकांनी सगळ्यांना शारजाला जेवायला बोलावलं. मी आणि माझे मिस्टर, महमूद, आणि आमच्या डिलिव्हरी व्हॅनचा ड्रायव्हर गुल खान. काकूंनी सुरमई केली होती, सोलकढी होती. महमूदने सोलकढी आधी सरबत समजून घेतली आणि नंतर सूप समजून.

कॅसेट अमेरिकन सिस्टीमची निघाली. काकांच्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं दिसायचं आणि मध्येच खालून वर सरकायचं. दोन्ही टीम सारख्याच राखाडी. तरी आम्ही बसलो. मुलं गोल करून वाकायची, काही बोलायची, रांगेत उभी राहायची, एकमेकांवर आदळायची, शिट्टी व्हायची. मग परत गोल. केदार अधूनमधून पळत यायचा, लाथ मारायचा आणि पळत परत जायचा. नेमक्या त्याच वेळी काकू आत काहीतरी आणायला गेलेल्या असायच्या. दोनदा असं झाल्यावर काकांनी त्यांना हाताला धरून सोफ्यावर बसवलं. मग संपूर्ण अर्धा तास केदार आलाच नाही.

शेवटी काकांनी कॅसेट मागे घेऊन केदारची तेवढी लाथ काकूंना दाखवली. त्यांनी ती परत बघितली, आणि आणखी एकदा. म्हणाल्या, "बारीक झालाय."

निघताना काकांनी गुल खानला विचारलं, "कैसा लगा?"

गुल खान सभ्य माणूस. त्याने थोडा विचार केला. "अच्छा है साब. लेकिन ये लोग खेलता कम है, मीटिंग ज़्यादा करता है."

*

त्यानंतरच्याच आठवड्यात केदारची किक चुकली. शेवटची किक होती, सोपी होती, आणि तिच्यामुळे मॅच गेली.

तेव्हा इथे सुट्टी शुक्रवारची, रविवार म्हणजे कामाचा दिवस. काका सकाळी आले ते तोंड पाडूनच. केदारने घरी फोन करून फक्त "वी लॉस्ट, बिकॉज ऑफ मी" एवढं सांगितलं होतं आणि ठेवून दिला होता. चहाच्या वेळी काकांनी ऑफिसातून त्याच्या होस्टेलला फोन लावला. तिकडे रात्र होती, पण पोरगा जागाच होता. काका "जेवलास का?", "अभ्यास कसा चाललाय?" असलं काहीतरी विचारत राहिले. पलीकडून नुसतं "या, डॅड" येत असावं.

महमूदने हात पुढे करून रिसीव्हर घेतला.

तो वायर पुरेल तेवढा खिडकीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून बोलायला लागला. बाहेर खाडीत लाकडी गलबतं भरत होती. आम्ही आपापली कामं घेतली, पण कान तिकडेच. तरुणपणी त्याने मोहल्ल्याच्या फायनलमध्ये पेनल्टी बाहेर मारली होती. समोर गोलकीपर घसरून पडलेला असताना बाहेर मारली होती. "अजून मी घरी गेलो की लोक मला त्या पेनल्टीवरूनच ओळखतात," तो सांगत होता. "माझ्या लग्नात सासऱ्यांनी विचारलं, तो तूच ना?" मग त्याचा आवाज इतका खाली गेला की काही ऐकू येईना. शेवटी "खलास, हबीबी, झालं ते झालं. पुढच्या शनिवारी मारशील," असं म्हणून त्याने फोन ठेवला आणि थेट तोंड धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी काकांना विचारलं, "केदारचा फोन आला का? बरा आहे ना?"

"तो बराय," काका म्हणाले. "तो विचारत होता, महमूद अंकल बरे आहेत का."

*

नोव्हेंबरच्या सुरुवातीला, काका ऑफिसला निघून गेल्यावर, घरचा फोन वाजला. काकू एकट्याच होत्या. हे मला त्यांनीच सांगितलं.

पलीकडे केदारचा कोच होता. काकूंचं इंग्रजी तसं ठीक होतं, पण हा माणूस तोंडात काहीतरी ठेवून बोलल्यासारखा बोलत होता. त्यांना 'केदार' कळलं, 'फाइन' कळलं, आणि मग तो म्हणाला, "मॅम, ही गॉट हिज बेल रंग." डोक्याला मार बसून गरगरलं की तिकडे असं म्हणतात. काकूंना ऐकू आलं ते एवढंच, की बेल वाजली.

"वन मिनिट," म्हणून त्यांनी रिसीव्हर बाजूला ठेवला, जाऊन दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. जिन्यातही डोकावून आल्या. परत येऊन म्हणाल्या, "सर, नोबडी इज देअर."

कोच अगदी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "नो, मॅम. ही इज हिअर. ही इज सिटिंग नेक्स्ट टू मी."

हे सांगताना काकू हसल्या होत्या. पण हे त्या मला महिन्याभराने सांगत होत्या. त्या दिवशी त्या हसल्या नव्हत्या. खरं काय झालं ते केदार स्वतः फोनवर आल्यावर कळलं. समोरचे त्याची किक अडवायला धावून आले होते आणि दोघं त्याच्या अंगावर पडले होते. काकूंनी त्या दिवशी जेवण केलं नाही.

*

डॉक्टरांनी केदारला खेळण्यापासून लांब ठेवलं. काकांनी ठरवलं, आता कायमचंच लांब.

हे बोलणं त्यांनी ऑफिसातून केलं, कारण घरी काकूंसमोर करायचं नव्हतं. माझं टेबल शेजारीच. काका चढ्या आवाजात मराठीत बोलत होते, आणि पोराचं इंग्रजी मला रिसीव्हरच्या बाहेरून ऐकू येत होतं.

"तू तिथे शिकायला गेलायस. खेळायचं कोणाला विचारून ठरवलंस?"

पलीकडून शांतपणे आलं, "डॅड, डिड यू आस्क आजोबा बिफोर यू केम टू दुबई?"

सावंतकाका वयाच्या बाविसाव्या वर्षी वेंगुर्ल्याहून मुंबईला मावशीकडे जातो म्हणून निघाले होते. आजोबांना त्यांचं पहिलं पत्र आलं ते दुबईहून. हा आमच्या टेबलावरचा जुना किस्सा होता आणि काका स्वतःच तो रंगवून सांगायचे.

काकांनी आवाज खाली आणून विचारलं, "डॉक्टर काय म्हणतात?"

डॉक्टर म्हणत होते की तपासणी ठीक आली तर शेवटची मॅच खेळता येईल. काका "बरं" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी टेबलावरचे कागद उगाच सरळ केले आणि मला म्हणाले, "अनुजा, लीव्हचा अर्ज टाइप कर. माझा."

*

लीव्ह मिळणं सोपं नव्हतं. वर्षअखेरचं स्टॉक-टेकिंग तोंडावर होतं आणि गोडाऊनमध्ये काय कुठे आहे हे काकांशिवाय कोणाला नीट सांगता येत नसे. अरबाब, म्हणजे कंपनीचे मालक, वयस्कर एमिराती गृहस्थ. गुरुवारी येऊन बसायचे. जुने व्यापारी असल्यामुळे हिंदी फर्डं. काका अर्ज घेऊन आत गेले. मी सहीच्या फाइल्स घेऊन मागे उभी.

"अमेरिका? कोई मर गया?" अरबाबांनी विचारलं.

"नहीं अरबाब. बेटे का मॅच है."

"शादी नहीं, बीमारी नहीं, मॅच?"

काकांनी मान खाली घातली. म्हणाले, स्टॉक-टेकिंग मी आल्यावर रात्रंदिवस बसून करून देईन. अरबाबांनी हात हलवून त्यांना थांबवलं.

"मेरा ऊँट दौड़ता है तो मैं रास अल खैमा तक जाता हूँ," ते म्हणाले. "तुम्हारा तो बेटा है." आणि पेनसाठी माझ्याकडे हात केला.

*

काका परत आले त्याच्या आधीच आम्हाला निकाल माहीत होता. महमूदने इंटरनेटवरून तिथल्या पेपरचं पान छापून घेतलं होतं. केदारच्या टीमने शेवटच्या किकवर मॅच जिंकली होती, आणि किक केदारची होती.

तरी काका पहिल्या दिवशी चहाला आले तेव्हा महमूदने दार लावून घेतलं. गुल खानलाही बोलावलं. "पहिल्यापासून सांग," तो म्हणाला.

काकांनी सांगितलं. थंडी इतकी, की कोटावरून काकूंची शाल घेतली होती. बाक लोखंडाचे. शेजारी कोणाची तरी आजी, तिने आपलं ब्लँकेट यांच्या गुडघ्यावरही ओढलं आणि सबंध मॅच खेळ समजावून सांगितला. त्यातलं यांना काही कळलं नाही, पण ती मान हलवेल तशी यांनी हलवली. शेवटी अगदी थोडा वेळ राहिला, यांची टीम दोन पॉइंटने मागे, किक गेली तर तीन मिळणार, आणि केदार पळत मैदानात आला. सगळे लोक उठून उभे राहिले.

"मग?" महमूद म्हणाला.

"त्याने लाथ मारली. आणि समोरचा एक पोरगा धावत येऊन त्याच्यावर आदळला. केदार खाली पडला, तोंडावर."

"आणि बॉल?" महमूदने विचारलं.

"बॉल कोण बघतो? मी त्याच्याकडे बघत होतो, उठतो की नाही. एवढ्यात लोक ओरडायला लागले. दोन्हीकडचे ओरडत होते, काय समजणार? तो गुडघ्यावर उठला. हेल्मेट डोळ्यांवर आलं होतं ते सरळ केलं आणि थेट मी बसलो होतो तिकडे बघितलं. मी शाल टाकली आणि हाताने विचारलं, गेला का?"

"मग? काय म्हणाला तो?"

काकांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तो काय सांगणार? तोही मला हाताने तेच विचारत होता."