एकतीस मिनिटं चार सेकंदांनंतर

मी वृत्तपत्रात उपसंपादक आहे. दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ पुढं सोडायची नाही, ही सोळा वर्षांची सवय. भुताखेतांची पत्रं आली की बाजूला टाकणारा मीच. त्यामुळे हे वाचून ऑफिसात कोण काय म्हणेल, ते मला ठाऊक आहे. म्हणोत. यातली प्रत्येक गोष्ट मी तपासली आहे.

माझी भाची प्रज्ञा मूळची सोयगावची. माझ्याकडे शहरात, सिडको एन-नऊमध्ये राहून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. कॉलेज रोज भरतं, तरी एका मॅडमचे गणिताचे व्हिडिओ ती ऑनलाइन बघते. तिची पद्धत ठरलेली... मॅडम बोलतील ते शब्दशः उतरवायचं आणि समासात वेळ टाकायची. १२:४०, १९:०५, अशी. म्हणजे अडलं की नेमकं तिथं परत जाता येतं.

रविवार, दुपारचे तीन. मोबाईल डब्याला टेकवलेला. मी शेजारी पुरवणीचं प्रूफ वाचत होतो. मॅडमचा आवाज आला, "ज्यांना समजलं नाही त्यांनी वही मिटू नका. दुसऱ्या रीतीनं सांगते." मी मान वर केली, कारण आमच्या वेळी असं कुणी म्हटलं नव्हतं. प्रज्ञा लिहीतच होती.

पंधरा दिवसांनी कॉलेजातून फोन आला. चाचणीत इंटिग्रेशनचं दीड पानाचं गणित तिनं सात ओळींत सोडवलं होतं. ही रीत वर्गात शिकवलेली नाही, पुस्तकातही नाही, म्हणजे कॉपीच – असं विभागप्रमुख सरांचं म्हणणं. माफीनामा लिहून द्यायचा, नाहीतर विषयात नापास. आणि नापास झालीस तर शिक्षण बंद, परत सोयगाव, हे तिच्या वडिलांनी आधीच बजावलेलं.

मी पोचलो तेव्हा तिनं वही सरांपुढं केली होती. सरांनी तिथंच व्हिडिओ लावला. तो निघाला ३१ मिनिटं ४ सेकंदांचा. मॅडम फळा पुसतात आणि संपतो. वहीत मात्र त्यापुढच्या वेळा होत्या – ३१:१०, ३३:२५, ३६:५०. ३१:१० समोर 'वही मिटू नका' हे वाक्य, त्यापुढं ती सात ओळींची रीत.

"मोबाईलवर एवढा जीव आहे, तर डिग्रीपण तिकडूनच घे की," सर म्हणाले आणि कोरा कागद पुढं सरकवला.

प्रज्ञानं तो परत त्यांच्याकडं सरकवला. "नाय लिहिणार, सर. मी केलंच नाय ते."

मी त्या रविवारी ऐकलेलं वाक्य सांगितलं. तुम्ही मामा, तुम्ही सांगणारच, असं उत्तर मिळालं. तेव्हा प्रज्ञानं खडू मागितला. दुसरं कुठलंही गणित द्या, म्हणाली. सरांनी तीन दिली. तिन्ही तिनं त्याच रीतीनं फळ्यावर सोडवली. सरांनी प्रत्येक ओळ ताडून बघितली. मग तो कागद त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. गुण कायम राहिले.

तिचं काम झालं, माझं नाही. तो व्हिडिओ मी तीन मोबाईलवर आणि ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बघितला. ३१:०४. अपलोड झाल्यापासून त्यात काही बदल नाही, असं प्लॅटफॉर्मवाल्यांनी मेलवर कळवलं. शेवटी मॅडमचा नंबर मिळवला. त्या नागपूरला असतात, आता निवृत्त आहेत. मी वहीतलं वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मग त्या म्हणाल्या, "हे मी सांगणार होते. फळा त्यासाठीच पुसला होता. पण स्टुडिओची वेळ संपली, त्यांनी कॅमेरा बंद केला... मला त्याची चुटपुट लागून राहिली. पण हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी त्यांना त्या रविवारचं सगळं सांगितलं. पोरीला भास झाला म्हणावं, तर मी टक्क जागा होतो, हातात प्रूफ होतं. हसायचं तर हसा. ऐकलं ते ऐकलं... ही ओळ मी खोडणार नाही.

वर्ग भरत असतानाही मुलं ऑनलाइन का शिकतात, यावर मागं मीच एक बातमी केली होती. सोय होते, वेळ वाचतो, असं लिहिलं होतं. परवा प्रज्ञाला विचारलं. तिचा व्हिडिओ केव्हाच संपला होता. स्क्रीन काळी, वही उघडीच.

"वर्गात घंटा झाली की सर जातात, मामा," ती म्हणाली. "मॅडम थांबल्या व्हत्या."