वाजणारी खिट्टी

सोनगीरला आमचे आबा बैलांच्या गळ्यातल्या घंटा ओतायचे. माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, एक पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. ती उभी राहिली की गुडघ्याजवळची खिट्टी त्या पट्ट्या ताठ धरायची. नेमकी तीच तुटली, अक्काचं धुळ्याचं कॉलेज सुरू व्हायच्या तोंडावर. नवी खिट्टी मुंबईहून यायची, म्हणजे कधी ते देव जाणे. आत्या लगेच म्हणाली, "शिकीसन काय करनं शे तिले?" मला असा राग आला!

मेण आणि राळ वितळवून आबांनी त्याचा गोळा अक्काच्याच हातात दिला. खिट्टी कुठं टोचते, कुठं अडते, ते तिला ठाऊक. तळहाताच्या उबेवर तिनं दिवसभर मेणाची खिट्टी घडवली. आबांनी त्या खिट्टीवर गाळलेल्या मातीचा, मग शेणमातीचा लेप दिला आणि वर भोक ठेवलं. वाळल्यावर भट्टीत धरलं, तर मेण सगळं वाहून गेलं.

"एवढी छान केली होती, गेली की!" मी हळहळले.

"जाऊ दे. तिनी जागा तं शे ना आत," आबा म्हणाले.

त्या जागेत त्यांनी धातूचा तापलेला रस ओतला. निवल्यावर माती फोडली. खिट्टी अगदी अक्काच्या मनासारखी निघाली होती. बुटाला बसवली आणि अक्का चालायला लागली. टण्! पुढचं पाऊल, पुन्हा टण्!

आबांनी कपाळावर हात मारला. साधं पितळ ओतायचं सोडून हाताच्या सवयीनं त्यांनी घंटेचं कासं ओतलं होतं. मला हसू आवरेना. आबा पार ओशाळले. पोरीकडे एसटीत लोक वळून बघतील, याची त्यांना धास्ती.

"काढ ती. दुसरी ओती देस."

"ऱ्हाऊ द्या आबा. तसे बी बठ्ठा लोक देखतसच. आते ऐकतीन बी."

कॉलेज सुरू झालं. संध्याकाळी धुळ्याची गाडी यायच्या सुमाराला आबा भाता थांबवायचे. तेव्हा आम्ही कुणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. वळणावरून टण् ऐकू आलं की "उनी", म्हणजे आली, असं म्हणायचे आणि पुन्हा भाता ओढायला लागायचे.

पुढे मुंबईहून नवा बूट आला. त्याची खिट्टी मुकी होती. त्या संध्याकाळी अक्का दारात येऊन उभी राहिली, तरी आबा पाठमोरे, भाता थांबवून, कान देऊन बसलेले.

दुसऱ्या सकाळी तिनं नव्या बुटाला जुनी खिट्टी बसवून घेतली.