सड्यावरचा मासा

सहावीच्या मुलांना कातळशिल्प दाखवायला सड्यावर, गावाबाहेरच्या कातळपठारावर नेलं, तर तिथे जांभ्या दगडाचे चिरे कापणारं मशीन सुरू होतं. लिपी नव्हती तेव्हा कोणीतरी कोरलेला मासा, आणि पातं त्याच्यापासून चार हातांवर! मी आडवी उभी राहिले.

"बंद करा ते!" मी ओरडले. 'वारसा जपा' असं कालच शिकवलं होतं, आज बाजूला होऊ?

जमीनमालक शांतपणे म्हणाला, "बाई, पोरांका बाजूक घेवा. दगड उडतले."

मुलं घाबरून मला बिलगली होती. मला हटावंच लागलं. मासा धुरळ्यात गेला.

दुसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला फळ्याकडे कोणी बघेना. वर्गाच्या चिरेबंदी भिंतीवरून हात फिरवत एक मुलगी म्हणाली, "बाई, ह्यो चिरो खंयच्या सड्यावरचो?"