पहिला चमचा गोकुळदासाचा

डिचोलीच्या बाजारात गोकुळदासाच्या आईस्क्रीमच्या दुकानात जायचं तर एक गोष्ट आधी ठाऊक हवी. तिथे गिऱ्हाईक राजा वगैरे नव्हतं. गिऱ्हाइकाने गुमान बसायचं आणि आधी मालकाला खाताना बघायचं. वाटी समोर आली की गोकुळदास त्यातला पहिला चमचा स्वतः घ्यायचा, गिळायचा, आणि जीभ बाहेर काढून दाखवायचा. मग म्हणायचा, "मेलंय काय मी? नाय ना? खा आता."

हा नेम त्याच्या बायकोने, आनंदीने लावला होता, आणि तोही नाइलाजाने. दुकान नवं होतं तेव्हा त्याने तिरफळ आणि गुळाचं आईस्क्रीम काढलं. एका कारकुनाची जीभ त्याने बधिर झाली आणि तो विष घातलं म्हणून ओरडायला लागला. गोकुळदासाने त्याला मानगूट धरून उचललं आणि बर्फाच्या पेटीवर आपटलं. कारकुनाचा पुढचा दात पेटीवरच राहिला. पोलीस स्टेशनातून परत येताना आनंदी म्हणाली, "लोकांक मारण्यापरास आदी तुमी खावन दाखवा. मगे कोण बोलता बगूया."

त्यानंतर कोणी बोललं नाही असं नाही, पण कमी बोललं. कोकम आणि लवंगी मिरची, मिठात मुरवलेलं आंबट बिंबल, आलं आणि करमलाचं फळ, असले प्रकार लोक आधी पैजेने खाऊ लागले आणि मग चटकेने. व्हॅनिला मागणाऱ्याला मात्र तो दार दाखवायचा. एकाने गुलाबाचं मागितलं, तेव्हा आईस्क्रीम काढायचा जड चमचा त्याच्या कानाजवळून भिंतीवर गेला. भिंतीवरचा खळगा गोकुळदासाने बुजवला नाही. लोकांनी बघून शहाणं व्हावं एवढाच त्याचा हेतू.

व्हॅनिला काय, गुलाब काय, त्याच्या लेखी दोन्ही थंड साखर होती. गोकुळदासाला वास येत नव्हता. सतरा वर्षं येत नव्हता. खारट, आंबट, गोड, कडू आणि झोंबणारं, एवढंच जिभेने त्याच्यासाठी राखलं होतं, आणि एवढ्यावर त्याने दुकान उभं केलं होतं. दूध करपलं का, हे आनंदीने सांगायचं. ती त्या दुकानाचं नाक होती.

वास गेला तो खाणीच्या दिवसांत. तेव्हा डिचोलीत दिवसरात्र खनिजाचे ट्रक धावत, झाडांची पानंसुद्धा तांबडी असत, आणि दिवसाला एक खेप जास्त मिळावी म्हणून माणसं एकमेकांच्या नरड्याला हात घालत. खाणीच्या फाटकाबाहेर एक दिवस रांगेवरून जुंपली. इथले ट्रकवाले एका बाजूला, सीमेपलीकडचे दुसऱ्या. गोकुळदास काही गाय नव्हता. त्याने एकाचा जबडा फोडला, दुसऱ्याला चाकाखालच्या चिखलात तोंडावर पाडून त्याच्या पाठीवर गुडघा रोवला, आणि मग आपल्या ट्रककडे वळला. दार उघडताना आरशात त्याला मागचा माणूस दिसला. उजवा कान अर्धा फाटलेला, हातात जॅकचा लोखंडी दांडा. आरशातला दांडा खाली आलेला त्याने पाहिला, आणि पुढचे नऊ दिवस काहीच पाहिलं नाही.

इस्पितळातून तो घरी आल्यावर आनंदीने त्याच्यासाठी बांगड्याची आमटी केली. दोन घास खाऊन त्याने ताट भिंतीवर फेकलं. त्याला वाटलं तिने त्यात काही घातलंच नाही. बायको शेजारी झोपली तरी कोण झोपलंय ते अंधारात कळेना. रागीट तो आधीपासून होता, पण त्या दिवसापासून त्याच्या रागाला घर मिळालं आणि गोकुळदास तो राग फाटक्या कानाच्या त्या एका माणसासाठी सांभाळून ठेवायला लागला. पुढे खाणी बंद पडल्या, ट्रक विकला, दुकान आलं. कान तेवढा डोळ्यांसमोरून हलला नाही.

तो कान एका मार्चमध्ये, भर दुपारी, दुकानात शिरला.

माणूस वाळला होता, केस पिकले होते, पण कान तोच होता. बरोबर डोक्याला फडकं बांधलेली त्याची बायको होती. तिला त्याने जपून खुर्चीवर बसवलं आणि दोघांची पिशवी मांडीवर घेऊन बसला. "शेट, मी बाबली," तो म्हणाला, "दोडामार्गासून इलंय. तुमचा नाव खूप ऐकलंय." त्याने गोकुळदासाकडे सरळ पाहिलं. ओळखीची एक रेघ त्याच्या चेहऱ्यावर उमटली नाही. उमटणार कशी? त्याने पाहिली होती ती फक्त एक पाठ.

हे गोकुळदासाला सर्वांत जास्त लागलं. सतरा वर्षं ज्याला आपण रोज मनात ठार मारलं, त्याला आपण कोण हेही माहीत नाही. त्याच्या हाताच्या मुठी वळल्या. बर्फ फोडायचा टोचा गल्ल्याजवळ होता. एक घाव पुरला असता. पण घाव घातला की संपलं, आणि गोकुळदासाला ते संपायला नको होतं. आपली जेवणाची चव गेली, तशी याचीही जायला हवी होती. तो म्हणाला, "बसा. खास काडतंय," आणि मागे गेला.

मागे आनंदी सकाळपासून कोरगावहून आणलेले ओले काजू सोलत होती. आईस्क्रीमसाठी काजूगर हवे होते. हाताला खोबरेल आणि राख चोळल्याशिवाय त्या बियांना कोणी हात लावत नाही. सालीतला डीक, म्हणजे तेलकट चीक, कातडीला लागला की आधी नुसता चुरचुरतो, आणि संध्याकाळपर्यंत कातडी सोलून निघते. हे तिकडच्या पोरासोरांनाही ठाऊक. आनंदी दूध आणायला गेली होती आणि सालींचा ढीग तसाच पडला होता. गोकुळदासाने सांडशीत साली दाबल्या. तपकिरी डीक थेंबाथेंबाने वाटीत पडला. त्यावर त्याने कोकम-मिरचीचं आईस्क्रीम घातलं आणि घोटलं. रंगात काही फरक पडला नाही. वासात पडतो, हे त्याला आठवलं नाही. सतरा वर्षांत तो वास ही गोष्टच विसरून गेला होता.

वाटी त्याने बाबलीसमोर ठेवली. बाबली हसला. "पयलो चमचो तुमचो ना, शेट? असो नेम आसा म्हणतत."

आजूबाजूच्या टेबलांवरची माणसं बघत होती. नाही म्हटलं असतं तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. गोकुळदासाने चमचा उचलला. आपल्याकडे उरलेली तेवढी जीभ जाळून या माणसाची जीभ जळणार असेल, तर सौदा वाईट नव्हता. त्याने चांगला भरून चमचा घेतला, गिळला, आणि जीभ बाहेर काढून दाखवली. "मेलंय काय मी? खा आता."

बाबलीने वाटी उचलली आणि बायकोपुढे सरकवली.

"माका नको, शेट. ह्या वत्सलासाठी इलंय. आजारातल्या औषधांनी हिचा तोंड मेला. सात महिने जिभेक कायच लागणा नाय, पाणी आनी भात सारकोच. अन्न बगलान की रडता. कोणी सांगल्यान, डिचोलेक एक शेट आसा, तेचा आईस्क्रीम मेल्या जिभेकसुदा लागता."

वत्सलाने चमचा भरला. तोपर्यंत गोकुळदासाची जीभ पेटली होती. आखडलेल्या ओठांतून शब्द निघेना. चमचा तिच्या ओठांपाशी गेला, आणि त्याचा हात सुटला. आयुष्यभर जसा सुटायचा तसाच, पूर्ण ताकदीने. चमचा उडाला, वाटी फुटली, आणि हाताचा फटका तिच्या गालावर बसला. ती खुर्चीसकट खाली गेली.

बाबलीने त्याला विचारलं नाही, का म्हणून. त्याने गोकुळदासाचं डोकं धरून टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. भुवई फुटली, रक्त डोळ्यात उतरलं. मग पोटात लाथा. चार माणसं त्याला ओढत होती तरी तो आवरत नव्हता. आणि ज्याने अख्ख्या बाजाराला कधी ना कधी बुकललं होतं, त्या गोकुळदासाने हात वर केला नाही. हे बघून लोक जास्त घाबरले.

दुधाची किटली घेऊन आनंदी आत आली ती दारातच थबकली. नवऱ्याकडे बघायच्या आधी तिने श्वास आत ओढला.

"डीक," ती म्हणाली. "ओल्या काजीचो डीक. हयसर खयसून इलो?"

मग सगळ्यांनाच तो आला. बाबलीही काजूच्या मुलखातला. त्याने जमिनीवरचा लाल गोळा बोटावर घेतला, हुंगला, आणि बोट लुंगीला घाईने पुसलं. त्याने बायकोकडे पाहिलं, मग गोकुळदासाच्या सुजत चाललेल्या ओठांकडे.

"माज्या बायलेक मारूक बगी होतंस?"

"तिका नाय," गोकुळदास कसाबसा बोलला. "तुका. खाणीर, सतरा वर्सां जाली. जॅकचो दांडो. माका तेच्यामागसून वास येणा नाय."

बाबलीने वाकून त्याचा चेहरा निरखला. खोटं बोलणं त्याला सोपं होतं. "त्या दिवशी मी तिगा-चवगांक मारलंय," तो म्हणाला. "तू खयचो, माका आठवणा नाय."

गोकुळदासाने मान खाली घातली. सतरा वर्षांच्या वैराची किंमत एवढीच निघाली. शरम वाटावी तर ती या माणसाची नव्हती, खाली पडलेल्या बाईची होती.

बाबली बायकोचा दंड धरून म्हणाला, "चल." वत्सला उठली, पण दाराकडे गेली नाही. पडलेली खुर्ची तिने सरळ केली आणि परत बसली. गालावर पाच बोटं लाल उठली होती.

"तुमी जावा भायर," ती नवऱ्याला म्हणाली. "मी खाल्ल्याशिवाय येवचंय नाय. इतक्या लांब मार खावक नाय इलंय."

गोकुळदास धरत धरत मागे गेला. आनंदी त्याच्यामागून गेली, आणि तो काय करतो ते तिने नाकाने आणि डोळ्यांनी, दोन्हींनी पाहिलं. त्याने हात साबणाने तीनदा धुतले. कोकम-मिरचीची दुसरी वाटी भरली. आणली. वत्सलाने चमचा त्याच्याकडे धरला.

"पयलो तुमचो."

ओठ आता उघडत नव्हते. बोटांनी ओठ वेगळे करून त्याने मिरचीचा तो चमचा जळत्या तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी आलं, टेबल धरून तो उभा राहिला. त्याने गिळलं आणि जीभ दाखवली. तिच्यावर पांढरे फोड यायला लागले होते. दारात उभ्या बाबलीने तोंड फिरवलं.

वत्सलाने चमचा तोंडात घेतला. घास तिने जिभेवर घोळवला. मग तिने दुसरा घेतला.

"आंबट आसा," ती म्हणाली. "आनी तिखट. अवो, माका लागता."

गोकुळदासाने मान हलवली. त्याच्या तोंडात नुसती आग होती, आंबट त्यात कुठे सापडत नव्हतं. पण ती म्हणते म्हणजे असणार.