माळ्यावरची दोनशे तेरा माणसं

खातेबाईंनी पहिल्याच आठवड्यात त्रेचाळीस विद्यार्थ्यांना शिक्षक करून टाकलं होतं.

झालं असं, की कारागिरांना शिकवणाऱ्या त्या संस्थेने ऑनलाइन वर्ग सुरू केले आणि सगळ्यांची खाती उघडून देण्याचं काम बाईंच्या गळ्यात पडलं. तोवर बावीस वर्षं त्या वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये होत्या. पितळी बिल्ला घ्यायचा, पाना द्यायचा. पाना परत आला की बिल्ला परत. कॉम्प्युटरशी संबंध एवढाच, की त्याच्या रिकाम्या खोक्यात त्या स्क्रू ठेवत.

यादीत नाव, ईमेल आणि भूमिका असे रकाने भरायचे होते. पहिल्या ओळीत लिफ्टचे मास्तर होते, म्हणून भूमिका 'शिक्षक'. बाईंनी तो चौकोन माऊसने धरला आणि टेबलावरून कापड ओढावं तसा पार खालपर्यंत ओढला. यादी चढवली, चहाला गेल्या. परत येईपर्यंत विद्यार्थ्यांना गुण भरायची जागा सापडली होती. सात जणांनी स्वतःला शंभरपैकी शंभर दिले. एक प्लंबर तर तक्रार घेऊन आला, की एकशे दहा घालतोय तर घेत नाही.

फक्त एका लिफ्ट मेकॅनिकने स्वतःला अडतीस दिले होते. पास व्हायला चाळीस लागत.

"अरे, दोन मार्कांनी नापास केलंस स्वतःला? काही दयामाया?"

"दोन तारा उलट्या जोडल्या होत्या बाई. लिफ्टमध्ये माणसं असतात."

तेव्हापासून तो 'अडतीस' आणि त्या 'खातेबाई'.

पुढे बाईंचा हात बसला. जिन्याखालच्या खोलीत बसून त्या दिवसभर फोनवर लोकांना आत घ्यायच्या. "पहिलं अक्षर मोठं. अहो, मोठ्याने नाही, मोठं!" घरी मात्र स्वतःच्या फोनचा पासवर्ड नवऱ्याला विचारायच्या. ते दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. म्हणायचे, "गावाची कुलपं उघडतेस आणि आपल्याच दारात उभी."

मध्यंतरी संस्थेच्या साहेबांनी फर्मान काढलं, की वर्षभर जो आत आलेला नाही त्याचं खातं काढून टाका, यादी फार लांबलीय. बाईंनी चाळणी लावली. दोनशे तेरा नावं निघाली. 'कायमचे काढा' या बटणावर बोट गेलं आणि तिथेच अडलं. स्टोअरमध्ये त्यांनी कधी गंजका पानासुद्धा भंगारात दिला नव्हता. न लागणारी वस्तू माळ्यावर जायची. त्याच बटणाशेजारी 'स्थगित करा' असंही होतं. बाईंनी सगळ्यांना एका गटात घालून स्थगित केलं आणि गटाला नाव दिलं 'माळा'. साहेबांना सांगितलं, "यादी कमी झाली." खोटं काहीच नव्हतं.

आणि एका दुपारी दीड वाजता अडतीस दारात उभा. घामाघूम.

"बाई, माझं खातं शिल्लक आहे का?"

चौदा महिन्यांपूर्वी कंपनीने त्याला परगावच्या कामावर धाडलं होतं. सगळे धडे झालेले, शेवटची परीक्षा तेवढी राहिली. आता सुपरवायझरची जागा निघाली होती आणि प्रमाणपत्र पाचच्या आत पोचायला हवं होतं. नाहीतर जागा मालकाच्या भाच्याला. "त्याला लिफ्टचं बटणसुद्धा दुसऱ्याने दाबून द्यावं लागतं," अडतीस म्हणाला. नव्याने सगळे धडे करायचे तर सहा महिने.

बाईंनी माळा उघडला. अडतीस तिथे होता, छत्तीसच्या छत्तीस धड्यांसकट. त्यांनी खातं सुरू केलं, नवा पासवर्ड कागदावर लिहून दिला आणि त्याला कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर बसवलं. तो एकेका प्रश्नापाशी इतका थांबायचा, की बाईंनीच नखं खाल्ली. चारला निकाल आला. एक्क्याण्णव.

पण प्रमाणपत्र येईना. त्या महिन्यापासून नवा नियम होता: सही बंद, साहेबांनी स्वतः आत येऊन मंजुरी द्यायची. त्यानंतरचं हे पहिलंच प्रमाणपत्र. बाई लॅपटॉप घेऊन जिना चढून गेल्या.

"हा कोण? एवढ्या जुन्यांना तर काढायला सांगितलं होतं ना मी?"

"काढलं होतं साहेब. माळ्यावर ठेवलं होतं."

"म्हणजे माझं ऐकलं नाहीत. ते नंतर बघू." साहेबांनी पासवर्ड टाकला. 'आपले खाते स्थगित आहे.' पुन्हा टाकला. तेच. "हे काय? मी प्रमुख आहे इथला!"

बाईंनी आपल्या लॅपटॉपवर माळ्याची यादी खाली सरकवली. दोनशे सातव्या ओळीत साहेब होते.

"तुम्ही आत आलाच नव्हता वर्षभर," त्या हळूच म्हणाल्या. "नियमात बसलात. मी नावं वाचली नाहीत, चूक माझी."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "आणि मी सांगितलं तसं केलं असतं तर?"

"तर आत्ता मंजुरी द्यायला कुणीच नसतं."

साहेबांना आधी ठसका लागला, मग हसू फुटलं. "उतरवा मला खाली. लवकर."

बाईंनी साहेबांना माळ्यावरून उतरवलं. पावणेपाचला मंजुरीचं बटण दाबलं गेलं आणि प्रमाणपत्र कंपनीला पोचलं. "त्या माळ्याला हात लावू नका," बाई निघाल्या तेव्हा साहेब म्हणाले, "पण माझं नाव वेगळं ठेवा."

खाली अडतीस अजून आपल्या निकालाकडे बघत बसला होता.

"बाई, एक्क्याण्णव जरा जास्तच झाले. सत्ताविसाव्या प्रश्नात मी अंदाज मारला होता. मी असतो तर ऐंशी दिले असते."

"म्हणून तर तुला पुन्हा शिक्षक केलं नाही," बाई म्हणाल्या, आणि कॉम्प्युटर बंद करून त्याला कंपनीला फोन लावायला बाहेर पिटाळलं.