राहिलेले पाच दिवस

"वही बघून सांगते." आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना काहीही विचारा, आधी पदराला हात पुसणार आणि मग हे वाक्य. एकदा जिन्यात मी नुसतं "कशा आहात?" म्हटलं, तरी त्यांचा हात पदराकडे गेला होता.

उस्मानपुऱ्यातल्या त्या दुमजली घरात मी खाली, त्या वर, आणि पाण्याची टाकी एकच. काकूंच्या वहीत त्या घराचं अख्खं वर्ष मांडलेलं होतं. मार्चात कूलरचं गवत बदलायचं, एप्रिलात गहू उन्हात टाकून कोठीत भरायचे, नवरात्राआधी गोधड्या धुवायच्या. मागच्या पानांवर कुठला दाखला कुठल्या पेटीत, काकांच्या चष्म्याचा नंबर किती, मिक्सर कधी दुरुस्त केला. नळाचे दिवस लाल शाईत. आमच्याकडे पाणी रोज येत नाही. सुटेल तेव्हा घरात माणूस हवंच.

हसाल तुम्ही. मीही हसायचे. पण माझ्या मुलीचा जन्मदाखला मी आठवडाभर शोधला, तेव्हा त्याची झेरॉक्स काकूंच्या पेटीत निघाली. कधीतरी माझ्याकडून मागून त्यांनी ठेवली होती.

एवढ्या निळ्या-लाल ओळींत पेन्सिलीची एकच ओळ असायची: 'मे – आक्काकडे, आठ दिवस.' आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सोयगावला एकटी, डोळ्यांनी अधू. मे खोडून जून व्हायचा, जून खोडून दिवाळीनंतर. तिथला कागद खोडरबरानं पातळ झाला होता.

"जाऊन या ना, काकू."

"मी गेल्यावर नळाचं कोण बघणार? ह्यांना चहा तरी करता येतोय का? दावणीला बांधलंय गं मला ह्या घरानं," असं म्हणून त्या हसायच्या. ते हसणं मला बघवत नसे.

दोन वर्षांपूर्वी मीच हट्ट धरला. "मी बघते सगळं, तुम्ही निघा." त्यांनी मला वही तीनदा वाचून दाखवली आणि मे महिन्यात खरंच गेल्या.

चौथ्या दिवशी पहाटे नळ आले. मोटर घोंघावत होती आणि टाकीत थेंब नाही. काका गच्चीवरून ओरडतायत, मी खालून. घाबरून मी सोयगावला फोन लावला.

"मोटर बंद कर. आले मी," काकू म्हणाल्या.

फोनवरच सांगा, म्हणायचं मला सुचलं नाही. त्यांनाही नाही. मिळेल त्या बसने आल्या, पिशवी हातात तशीच ठेवून जिन्याखाली वाकल्या आणि टाकीचा कॉक अर्धा फेरा फिरवला. मी तो उघडलाच नव्हता.

"आता परत जा," मी म्हटलं.

"आता पुढच्या मेमध्ये बघू," म्हणत त्यांनी पेन्सिल घेतली.

दिवाळीआधीच आक्का गेल्या. काकू मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

यंदा काकूंचा मुलगा दोघांना पुण्याला घेऊन गेला. "टाकी आता तुझ्याकडं," म्हणून काकूंनी वही माझ्या हातात दिली. ते गेल्यावर मी ती उघडली. टाकीच्या पानावर कॉकबद्दल निळ्या शाईत मागाहून लिहिलं होतं: 'डावीकडे अर्धा फेरा. हिला सांगायचं माझ्याकडून राहिलं.' आणि खाली पेन्सिलीने: 'आक्काकडे – राहिलेले पाच दिवस.' ती ओळ तेवढी खोडलेली नव्हती.

परवा सकाळी त्यांचा फोन आला.

"तिकडं पाण्याचं कसं, काकू?"

"वही बघून..." त्या थांबल्या. "इथं चोवीस तास पाणी हाय गं. कधीबी निघता येतंय. पण आता कुणाकडं जाऊ?"

इकडे नळ आले होते. मला उठवेना.